न मोजलेले चार महिने

रत्नागिरी
१४ जून १९८५

सौ. राही पावसकर यांस,
स. न. वि. वि.

आपला पत्ता मिळवायला वेळ लागला. लांज्याच्या शाळेवर पाठवलेलं पत्र परत आलं, पण तिथल्या हेडमास्तरांनी पाकिटावरच बुरोंडीच्या हायस्कूलचं नाव लिहून दिलं होतं. बारा वर्षांनी माझं अक्षर बघून आपल्याला नवल वाटेल. पत्र कामाचं आहे, तेव्हा कामाचंच लिहितो.

विद्यापीठ रत्नागिरीत खाडी-संशोधनाचं केंद्र काढत आहे. त्याच्या संचालकपदासाठी मी अर्ज केला आहे. मुलाखत ऑक्टोबरात. मला पंचावन्न पुरी झाली, तेव्हा ही शेवटचीच संधी. आता अर्जाबरोबर नुसती शोधनिबंधांची यादी चालत नाही. कुठल्या निबंधाचा संदर्भ कुणी, किती वेळा घेतला तेही जोडावं लागतं. माझा वर्गमित्र महिपत मुंबईत एका संस्थेच्या ग्रंथालयात आहे. तिथे परदेशातून येणारे सायटेशन इंडेक्सचे खंड आहेत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले. त्यानं चार शनिवार घालवून माझं नाव शोधलं.

एकूण निबंध एकेचाळीस. आंब्यावरच्या तुडतुड्यांवर नऊ, कातळाच्या सड्यावर पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पतींवर सहा, मग खाडीतला गाळ, जांभ्यातलं पाणी, बेडूक. मिरकरवाडा बंदरात माशांना कोणकोणती नावं आहेत त्यावरही दोन. तीस वर्षं जे समोर दिसलं त्यावर लिहीत गेलो. महिपतच्या कागदाप्रमाणे त्यातल्या चौतीस निबंधांकडे जगात कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. सहा निबंधांचा मिळून अकरा वेळा उल्लेख आहे, त्यातले चार मी स्वतःच केलेले. आणि एकट्या एका निबंधाचा एकोणतीस वेळा.

भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांची (खाण्याच्या शिंपल्यांची) वाढ, १९७३.

जपानमधल्या एका संशोधकांनी त्या अभ्यासाच्या दरमहाच्या मूळ नोंदी मागितल्या आहेत. नोंदवह्या आपल्याकडे राहिल्या असाव्यात. असल्यास रजिस्टर पोस्टानं पाठवाव्यात. मुलाखतीतही उपयोगी पडतील.

आपले यजमान श्री. लवू पावसकर अजून बोटीवरच असतात का? आमच्या सौ. आनंदीनं आपली आठवण काढली आहे.

आपला,
भि. गं. तोडणकर


११ जुलै १९८५

राही,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागचं पत्र मी रजेचा अर्ज लिहावा तसं लिहिलं. शिकवलेल्या मुलीला ‘आपण’ म्हणताना हात अडखळत होता, तरी तसंच रेटलं. आनंदीनं आठवण काढली हे मी घुसडलेलं आहे. आमच्या घरात तुझं नाव निघत नाही.

इथे पाऊस लागून राहिलाय. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर बुरशी चढली आहे. दर बुधवारी मी एकेक भिंग पुसत बसतो, दुसऱ्या बुधवारी ती परत तिथेच. जिना चढताना मधे थांबावं लागतं. मुलं बाजूनं निघून जातात आणि मी नोटीसबोर्ड वाचत असल्यासारखं करतो.

गेल्या रविवारी मिरकरवाड्याला गेलो होतो. होड्या, ट्रॉलर सगळे बांधून ठेवलेले. मासळीच्या शेडच्या तोंडाशी हौसा बसली होती, सुकट विकायला. भाट्याची हौसा. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांत जी तुला पहिल्या दिवशी हाताला धरून पाण्यात घेऊन गेली, तीच. केस पांढरे झालेत, आवाज तसाच आहे.

“मास्तर, वळखलाव काय?”

ओळखलं म्हणालो.

“ती तुमची पोर कुठं असते? राही?”

“बुरोंडीला. शाळेत शिकवते.”

“मग तिसऱ्या कोन मोजतं?”

“कुणी नाही.”

“मोजायला ऱ्हायल्यात कुठं म्हना,” असं म्हणून तिनं माशा हाकलल्या. मग हसून म्हणाली, “तुमी छत्री घेऊन काठावर उबे ऱ्हायचाव. कंबरेएवढ्या पान्यात ती नि मी.”

तिसऱ्या राहिल्या नाहीत म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. उशीर झाला होता.

निबंधावर तुझं नाव नाही, शेवटी आभारात आहे, हे तुला लागलं असणार. पण संपादकांनीच एक नाव ठेवायला सांगितलं होतं आणि ते मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. त्या काळी रीतच तशी होती. वह्यांचं तेवढं बघ.

तोडणकर सर


६ ऑगस्ट १९८५

राही,

तुझं अंतर्देशीय काल मिळालं. तीनच वाक्यं. “वह्या आहेत. १९७२ च्या जून ते सप्टेंबरची पानंसुद्धा आहेत. ती चार महिन्यांची पानं तुम्हाला खरंच हवी आहेत का, तेवढं कळवा.”

कोणती पानं? त्या जूनमध्ये तुला टायफॉइड झाला होता. तू अंथरुणात होतीस, खाडीला पूर होता, भाट्याला कुणी उतरलं नाही. हे माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण तेव्हा मी फार वैतागलो होतो. ऑक्टोबर एकाहत्तरपासून मेपर्यंत आठ महिन्यांची मोजणी झालेली, आणि वर्ष पुरं व्हायला नेमके चारच महिने कमी. आठ महिन्यांचा अभ्यास कोण छापणार?

तक्त्यात त्या चार महिन्यांपुढे आकडे आहेत, हे तुला माहीत आहे. ते का आहेत हे तू कधी विचारलं नाहीस. किंवा विचारलं असशील. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, तिसऱ्या शिंपले मिटून बसतात, त्या वाढणार कशा? म्हणून मी मे महिन्याचेच आकडे पुढे नेले, थोडे इकडेतिकडे करून. त्याला अंदाज म्हणतात. शास्त्रात अंदाजाला जागा असते.

हे लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. ‘थोडे इकडेतिकडे करून’ हे शब्द खोडावेसे वाटले. खोडत नाही. कंटाळा आलाय खोडण्याचा.

पानं पाठव. हवी आहेत.

सर


३० ऑगस्ट १९८५

राही,

तू उतरवून पाठवलेली आठ पानं मिळाली. मूळ वही तुझ्याकडेच ठेवलीस ते योग्य केलंस.

जून आणि जुलैच्या मोजण्या हौसाच्या, हे मला माहीत नव्हतं. तुझा निरोप न येता तीच उतरली, रंगाचा ठिपका दिलेल्या तिसऱ्या खाडीत घातलेल्या कुंपणातून काढून, माडाच्या झावळीचा हीर प्रत्येकीला लावून त्यावर नखानं खाच पाडत गेली, आणि दर महिन्याच्या हिरांची जुडी सुतळीनं बांधून छपरात खोचून ठेवली. बरी झाल्यावर तू त्या खाचा पट्टीनं मोजल्यास. ऑगस्टपासून तू स्वतः उतरलीस, अंगात ताकद नसताना. मी तेव्हा काय करत होतो? बहुधा तुडतुड्यांवरचा सातवा निबंध.

आकडे मी तीनदा तपासले. वरच्या अंगाला, जिथे पाणी गोडं झालं, तिथल्या तिसऱ्या मेल्या किंवा खुंटल्या. पण खाडीच्या मुखाकडच्या, जिथे तळातून खारं पाणी शिरतं, त्या वाढत होत्या. बारकी पिल्लं चार महिन्यांत सहा मिलिमीटरनं. पावसाळ्यात वाढ थांबते, असं मी ठाम वाक्य लिहिलं होतं. एकोणतीस जणांनी संदर्भ घेतलाय तो बहुतेक त्याच वाक्याचा.

तू लिहितेस, ही पानं घेऊन तू बहात्तरच्या नोव्हेंबरात माझ्या घरी आली होतीस. मला आठवत नाही. आली असशील.

सर


१२ ऑक्टोबर १९८५

चि. राही,

शुक्रवारी मुलाखत आहे. त्याआधी हे लिहायचं ठरवलंय. आनंदीला सांगून लिहितोय.

तू आलेली मला आठवतं. शनिवार होता. तू पडवीत बसली होतीस, वही मांडीवर. टायफॉइडनं केस गेले होते म्हणून डोक्यावरून पदर घेतला होतास. तू म्हणालीस, “सर, चार महिन्यांचे आकडे मिळालेत. वाढ थांबत नाहीये.” मी म्हणालो, “उशीर केलास. पेपर गेला.”

पेपर गेला नव्हता. आतल्या टेबलावर पडला होता. मी तो जानेवारीत पोस्टात टाकला. मधे दोन महिने होते. नुसता तक्ता बदलायचा नव्हता, निष्कर्षच बदलायचा होता, आणि मला तो निष्कर्ष आवडला होता. सरळ होता, एका वाक्यात सांगता येत होता. तू चहा न घेता उठलीस. तू गेल्यावर आनंदी म्हणाली, “पेपर तर टेबलावर आहे.” मी काही बोललो नाही. तीही त्यानंतर त्याबद्दल बोलली नाही. आज विचारलं तर म्हणाली, “मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलताय त्याची.”

संपादकांनी नाव काढायला सांगितलं नव्हतं. पहिलं पान मी दोन नावांनी टाइप केलं होतं. मग ते पान फाडून एका नावानं परत टाइप केलं. तुझं लग्न ठरत होतं. ही जाईल, हिला नावाचं काय करायचंय, असं मी मनाशी म्हणालो. माझा शब्द न् शब्द हाच होता. तू पीएच.डी. सोडून गेलीस तेव्हा मी डिपार्टमेंटमध्ये सांगितलं की लग्न झालं, सुटली. लोकांना ते पटलं.

आणखी एक आहे. तुला ते माहीत नसेल.

सत्याहत्तर साली एका सरकारी खात्यानं खाडीकाठच्या गावांत एक पत्रक वाटलं होतं. पावसाळ्यात तिसऱ्यांची वाढ होत नाही, पुष्कळशा मरतात, तेव्हा मेअखेर लहानमोठ्या सगळ्या काढून घेणं हिताचं. खाली बारीक अक्षरांत माझ्या निबंधाचं नाव. मी ते पत्रक जपून ठेवलं आणि संचालकपदाच्या अर्जाला ‘संशोधनाचा प्रत्यक्ष उपयोग’ या रकान्यापुढे जोडलं.

परवा भाट्याला जाऊन हौसाला विचारलं, तिसऱ्या का राहिल्या नाहीत. ती म्हणाली, “आमच्या आया सांगायच्या, पावसात बारक्यांना हात लावू नका. पन सायबांनी कागद दाखवला ना, छापलेला. दोन वरसं टोपल्या भरभरून काढल्या. मग घसरलं. आता मी नि शेजारची चिमा मिरकरवाड्याला कोळंबी सोलतो. बर्फानं बोटं वळत न्हाईत.”

तो छापलेला कागद माझा, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती म्हणाली, “तुमी आमाला इचारलंव का न्हाई, मास्तर?”

महिपतच्या यादीत हे पत्रक नाही. ते मोजायची सोय त्या खंडांत नाही.

शुक्रवारी काय बोलेन ते आज ठाऊक नाही. धीट माणूस मी कधीच नव्हतो. पण १९७३ च्या त्या निबंधातले जून ते सप्टेंबरचे आकडे निरीक्षणाचे नाहीत, ते मी घरी बसून लिहिले, हे इथे माझ्या सहीनं लिहून देतो. या पत्राचा तुला हवा तसा उपयोग कर.

भिकाजी गंगाराम तोडणकर


२१ ऑक्टोबर १९८५

चि. राही,

मुंबईहून काल परतलो. एस.टी.नं हाडं खिळखिळी झालीत.

पाच जण होते. अध्यक्ष वयानं माझ्याएवढे. त्यांनी यादी चाळली आणि म्हणाले, “तोडणकर, विषय फार विखुरलेत हो. आंबा, बेडूक, दगड. एका ठिकाणी बसला असतात तर नाव झालं असतं.” मी हो म्हणालो. मग म्हणाले, “पण हा तिसऱ्यांवरचा मात्र चांगला चाललाय.”

कोपऱ्यात एक तरुण बाई होत्या, तुझ्याहून लहान. त्यांनी निबंध खरोखर वाचला होता. त्या म्हणाल्या, “सर, मला एक कळलं नाही. जुलैत त्या खाडीला पूर असतो. कुंपणातल्या तिसऱ्या तुम्ही मोजल्यात कशा?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. बोटीतून, जाळीनं, असं काहीतरी. बारा वर्षं तयार होतं ते. तोंडातून निघालं, “मोजल्या नाहीत.”

“म्हणजे?”

“चार महिन्यांचे आकडे मी बसून लिहिलेत. खरे आकडे माझ्या विद्यार्थिनीनं आणि तिसऱ्या काढणाऱ्या एका बाईनं घेतले होते. ते वेगळे आहेत.”

त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. अध्यक्षांनी सगळ्यांना बाहेर चहाला जायला सांगितलं आणि मला म्हणाले, “हे इथे सांगायची काय गरज होती? नोंद झाली तर तुमच्या कॉलेजपर्यंत जाईल, पेन्शनपर्यंत जाईल. तब्येतीच्या कारणावरून अर्ज मागे घेतो असं दोन ओळी लिहा. कुणी काही बोलणार नाही.” त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. कोरा कागद त्यांनीच पुढे केला.

मी लिहून दिलं. तब्येतीच्या कारणावरून.

जिना उतरताना वाटलं, एवढं बोललास ना, पुरे झालं. रेल्वेच्या पुलापाशी पोचेपर्यंत कळलं की पुरे झालेलं नाही. तुला हे कळवलं नसतं तरी चाललं असतं. पण आता तुझ्यापाशी तरी काही झाकून ठेवायची ताकद उरलेली नाही.

सर


१७ जानेवारी १९८६

चि. राही,

तुझं नोव्हेंबरचं पत्र खिशात घालून फिरतो. “सर, तब्येतीचं कारण खोटं आहे. तुमची तब्येत बरी आहे.” वाचून प्रथम राग आला. मग त्याच आठवड्यात नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं, सगळं. जपानच्या गृहस्थांनाही लिहिलं. पत्रक काढणाऱ्या खात्यालाही. खात्याकडून उत्तर नाही. जपानच्या गृहस्थांनी दोन ओळींत आभार मानले आणि तुझा पत्ता विचारला. मी दिलाय.

प्राचार्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते म्हणाले, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, शांतपणे काढा. विभागप्रमुखपद काढून घेतलं. केबिन रिकामी केली, आता मी स्टाफरूममध्ये खिडकीशी बसतो. तरुण मास्तर मी आलो की गप्प होतात. गप्प होणारच.

संपादक आता कोणी दुसरे आहेत. त्यांचं म्हणणं, चूक कबूल आहे एवढं छापता येईल, पण त्या जागी काय खरं ते नव्यानं निबंध म्हणून पाठवलं तर जास्त चांगलं. हा निबंध तू लिही, असं मी तुला मागच्या पत्रात कळवलं. तुझ्या नावानं. मी त्यात कुठेही नको. मला वाटलं होतं हे सुचवल्यावर तुला बरं वाटेल. हेही जरा माझ्याच सोयीचं होतं, हे तुझ्या उत्तरावरून कळलं.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. एका पावसाळ्याच्या आठ पानांवर निबंध होत नाही. आणखी एक पावसाळा मोजायला हवा, आता तिसऱ्या विरळ झाल्यात तेव्हा तर हवाच. “मला शाळा आहे, घर आहे, सासू अंथरुणावर आहे. भाट्याच्या पाण्यात कोण उतरणार?”

मी उतरेन. माप घ्यायला कॅलिपर आहे. हौसाला विचारून आलो. ती म्हणाली, “छत्री घरी ठेवून या.”

सर


२३ ऑगस्ट १९८६

चि. राही,

ऑगस्टचे आकडे सोबत वेगळ्या कागदावर. मुखाकडच्या कुंपणातल्या साठांपैकी एक्कावन्न जिवंत. वरच्या अंगाच्या साठांपैकी सात. कागदावर दोन आकडे पुसट झालेत, ते मला नक्की वाचता येत नाहीत. तिथे मी काहीच लिहिलेलं नाही, रेघ मारली आहे.

ओहोटीची सुकती सकाळी साडेदहाला होती. पाणी कंबरेला लागतं ते ऐकून माहीत होतं. चिखल पाय धरून ठेवतो हे माहीत नव्हतं. जूनमध्ये पहिल्याच दिवशी पडलो. हौसानं बखोट धरून उभं केलं आणि म्हणाली, “घोट्यानं चाला, गुडघ्यानं न्हाई.” तू आठ महिने या चिखलात उतरत होतीस तेव्हा मी काठावरून ‘लवकर आटपा’ म्हणत असे. आठवतंय मला.

आता तिसऱ्या पायाला कळतात. आधी टाच फिरवायची, कडक लागलं की वाकायचं. बायका हसतात. परवा हौसा त्यांना म्हणाली, “हसू नका, मास्तर शिकतायत.” पहिली-दुसरीतल्या पोराबद्दल सांगावं तसं म्हणाली. वाईट वाटलं नाही.

ऑगस्टच्या पंधरा तारखेच्या सुट्टीत तू आलीस, दोन दिवस पाण्यात होतीस. माझ्याशी कामापुरतंच बोललीस. निघताना आनंदीनं केलेल्या घावन्यांचा डबा तू घेतलास, ते तिनं मला चारदा सांगितलं.

पाठ फार दुखते. सप्टेंबरला उतरेन.

सर


९ मार्च १९८८

चि. राही,

तुझ्या निबंधाचा रिप्रिंट काल पोस्टानं आला. निवृत्त झाल्यापासून मी घरीच असतो, तेव्हा पोस्टमननं हातातच दिला.

उघडून आधी नावं बघितली. राही लवू पावसकर आणि हौसा रामा भाटकर. दुसऱ्या नावापाशी थांबलो. जून-जुलै बहात्तरच्या मोजण्या तिच्या, तेव्हा ते नाव तिथेच हवं. मला ते कधी सुचलं नसतं. आजही सुचलं नसतं.

मग आतलं वाचलं, सावकाश. कुठे एक शब्द जास्त नाही. शहाऐंशीच्या मोजण्या कुणी केल्या तेही तारखांसकट दिलंस, आणि मी रेघ मारलेल्या दोन जागा तशाच ठेवल्यास. तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस की पूर्वीच्या अभ्यासातले जून ते सप्टेंबरचे आकडे निरीक्षणावर आधारलेले नव्हते, म्हणून ते वगळावेत. त्याला संदर्भ दिलायस: तोडणकर, भि. गं., व्यक्तिगत पत्र, १२ ऑक्टोबर १९८५.

हे वाचून मी पडवीत जाऊन बसलो. थोडं सौम्य लिहिता आलं असतं, असं दिवसभर वाटत राहिलं. रात्री जेवताना आनंदीला ते वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, “यात काय खोटं आहे?” काही नाही म्हणालो. आज सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा दुखलं नाही. एकेचाळीस निबंध लिहून झाले, त्यातली बरीचशी वाक्यं आता मला बदलावीशी वाटतात. त्या पत्रातलं कुठलं बदलावंसं वाटत नाही.

तुझ्या शेवटच्या परिच्छेदात मेअखेर सरसकट काढू नये, मुखाकडची पिल्लं पावसाळाभर राखावीत असं आहे. हे कुणी वाचून नवं पत्रक काढील का, सांगता येत नाही. गेल्या वर्षी बायकांनी आपणहून मुखाकडचा पट्टा राखला. यंदा थोड्या दिसतायत. जास्त नाहीत.

आज दुपारी मिरकरवाड्याला गेलो. हौसा कोळंबी सोलत होती, बर्फाच्या पाण्यात हात. म्हटलं, “हात पुस, तुझं नाव छापून आलंय.” तिला ते खोटं वाटलं. लुगड्याला हात पुसून ती उठली. मी बोट ठेवून दाखवलं, हे हौसा, हे रामा, हे भाटकर. इंग्रजी अक्षरं, तेव्हा तिला सारखीच दिसणार. तिनं बोट न लावता नुसतं वरून फिरवलं, कागद ओला होईल म्हणून.

“म्हंजे तेव्हाचं खोटं निघालं ना यातून?” तिनं विचारलं.

“निघालं.”

“राहीनं काढलं?”

“तुम्ही दोघींनी.”

ती चिमाला हाक मारून दाखवायला गेली, मग बर्फ फोडणाऱ्यांना, मग लिलावातल्या बायकांना. मी अर्धा तास थांबलो. कागद काही परत येईना. शेवटी पिशवीत ठेव म्हणून सांगितलं आणि निघून आलो.

तेव्हा माझी प्रत आता हौसाकडे आहे. तुझ्याकडे आणखी एखादी शिल्लक असेल तर पाठव. घाई नाही.

तुझा,
भिकाजी तोडणकर